नरांची पंगत वेगळी मांडावी का?

रविवारी सकाळी बोईसर-तारापूर रस्त्यावरच्या चिकनच्या दुकानापाशी थोडा वेळ थांबले, तर गिऱ्हाइकांचे प्रश्न ऐकण्यासारखे असतात. आजचा भाव काय? कातडी काढून द्याल ना? लेग पीस अख्खे ठेवा, बाकीचे बारीक करा. औद्योगिक वसाहतीतला बिहारी कामगार असो, अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतले कुटुंब असो की किनाऱ्यावरच्या गावातला मांगेला. पिंजऱ्यातला पक्षी नर आहे की मादी, हे कोणी विचारत नाही. दुकानदारही बघत नाही. पिंजऱ्यात हात घालायचा, लागेल तो पक्षी बाहेर काढायचा आणि काट्यावर ठेवायचा.

तोच माणूस आषाढ संपत आला की मनोर किंवा विक्रमगडच्या आठवडी बाजारात पायांना सुतळी बांधून ठेवलेल्या गावठी पक्ष्यांसमोर उकिडवा बसतो, आणि आता त्याला कोंबडाच हवा असतो. तुरा केवढा आहे, नख्या फुटल्यात का, आरवतो का, सगळी चौकशी होते. शेजारच्या टोपलीतली तलंग तो घेत नाही, आणि विकणारी बाईही ती सहसा देत नाही. पुढे अंडी घालणारा पक्षी कोण कापायला देईल?

मांसासाठी कोंबड्या पाळताना नर आणि माद्या वेगळ्या वाढवाव्यात की एकत्र, हा प्रश्न कुक्कुटपालनाच्या प्रत्येक प्रशिक्षणात कोणीतरी विचारतोच. पुस्तकातले उत्तर ‘वेगळ्या वाढवणे फायद्याचे’ असे असते. पालघर जिल्ह्यापुरते मला ते उत्तर अर्धेच खरे वाटते. आपल्या शेडपेक्षा हा पक्षी शेवटी कोणाच्या हाती जाणार, यावर ते जास्त अवलंबून आहे. आणि वर सांगितलेले दोन बाजार एकाच जिल्ह्यात असूनही त्यांची उत्तरे उलटसुलट येतात.

आधी फरक किती असतो ते पाहू. ब्रॉयलर, म्हणजे आपल्या तोंडी बसलेला ‘बॉयलर’, अंड्यातून बाहेर येतो तेव्हा चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचा असतो आणि त्या दिवशी नर-मादीत वजनाने काहीच फरक नसतो. पहिले दोन आठवडे दोघे जवळजवळ बरोबरीने चालतात. तिसऱ्या आठवड्यानंतर नर पुढे सरकू लागतो. आजच्या सुधारित जातींना चांगले खाद्य आणि चांगली हवा मिळाली तर सहाव्या आठवड्याच्या शेवटी नर तीन किलोच्या आसपास पोचतो आणि मादी तीन-चारशे ग्रॅमने मागे राहते. एक किलो वजन वाढवायला नराला खाद्यही मादीपेक्षा थोडे कमी लागते. मादीच्या पोटात पाचव्या आठवड्यानंतर चरबी साठू लागते आणि तिने खाल्लेले मक्याचे दाणे मांसाऐवजी तिकडे जायला लागतात. याची दुसरी बाजू अशी, की नर तितका चिवट नसतो. अंगाच्या वाढीला हृदय आणि पाय पुरे पडत नाहीत. पोटात पाणी होणे, पाय वाकडे होणे, धडधाकट दिसणारा पक्षी अचानक पंख फडफडवून पाठीवर पडून मरणे, या तिन्ही तक्रारी नरांत जास्त आढळतात. मरतूक मोजली तर नरांची रेघ नेहमी वर असते.

इथे एक गैरसमज निस्तरायला हवा. नर माद्यांच्या मागे लागतात, त्यात वजन घटते, म्हणून त्यांना वेगळे ठेवायचे, असे बरेच जण समजतात. बॉयलरच्या बाबतीत यात तथ्य नाही. कोंबडा वयात यायला चार-पाच महिने लागतात आणि हा पक्षी दीड महिन्यात कापला जातो. देहाने तो पैलवान दिसला तरी वयाने बाळच असतो. शेडमध्ये त्यांची स्पर्धा असते ती फक्त खाद्याच्या भांड्यापाशी. उंच आणि जड नर भांड्याभोवती दाटी करतात. पिण्याच्या निपलची उंची नरांच्या मानेप्रमाणे ठेवली तर लहान माद्यांना मान ताणावी लागते, माद्यांच्या मानेप्रमाणे ठेवली तर नर वाकून पितात, पाणी सांडते आणि खालची गादी ओली होते. वेगळे केल्याने नर एकाएकी वाढतो असे नाही. दोघांना आपापल्या मापाची भांडी, उंची आणि खाद्य देता येते, इतकेच.

मग जगभरातल्या मोठ्या कंपन्या नर-मादीचे वेगळे कळप का वाढवतात? मुख्य कारण सारखेपणाचे आहे, आणि ते थोड्या हिशेबाने समजते. समजा एकाच लिंगाच्या कळपात पक्ष्यांची वजने सरासरीच्या आजूबाजूला ९ टक्क्यांनी पसरलेली आहेत. चांगल्या शेडमध्ये असे असू शकते. अशा कळपातल्या शंभर पक्ष्यांपैकी साधारण ७३ पक्षी सरासरीपासून दहा टक्क्यांच्या आत बसतात. आता नर-मादीत १५ टक्के वजनाचा फरक आहे असे धरून दोन्ही कळप निम्मे निम्मे मिसळा. पसारा ९ वरून जवळपास १२ टक्क्यांवर जातो आणि दहा टक्क्यांच्या आत बसणारे पक्षी ७३ वरून ५८ वर येतात. म्हणजे शेतकऱ्याने काहीही चूक केलेली नसताना, निव्वळ मिसळल्यामुळे शंभरातले पंधरा पक्षी मापाबाहेर गेले.

मापाबाहेरचा पक्षी यंत्राला चालत नाही. ज्या कारखान्यात पक्षी साखळीला उलटे टांगून एकामागून एक पुढे सरकतात, तिथे पिसे काढणारी रबरी बोटे आणि आतडी बाहेर काढणारा पळीसारखा भाग एका ठरावीक आकाराला जुळवलेला असतो. पक्षी लहान असला तर पळी आतडे फाडते आणि सगळे मांस खराब होते. मोठा असला तर काही भाग आतच राहतो. शिवाय दुकानांच्या साखळीला प्रत्येक पाकिटात सारख्याच वजनाची तंगडी लागते. अशा ठिकाणी सकाळी नरांचा आणि दुपारी माद्यांचा लॉट चालवून मधे यंत्र पुन्हा जुळवणे स्वस्त पडते.

बोईसरच्या दुकानात पळीही नाही आणि साखळीही नाही. तिथे सुरी आणि अनुभवी हात आहे. तो हात दीड किलोचा पक्षी आणि तीन किलोचा पक्षी लागोपाठ तितक्याच सफाईने कापतो. गिऱ्हाईक वजनाचे पैसे देते. पक्षी जितके वेगवेगळ्या मापांचे, तितके दुकानदाराला बरेच. दोघांच्या घराला लहान आणि हळदीच्या कार्यक्रमाची ऑर्डर आली तर मोठे. आपल्या देशात कोंबडीचा बहुतांश व्यापार आजही जिवंत पक्ष्यावर चालतो, आणि त्यामुळे सारखेपणाची किंमत या बाजारात जवळजवळ कोणीच देत नाही.

परदेशातले दुसरे कारण कातडीचे आहे, तेही इथे गळून पडते. ज्या जातींत पिसांवरून नर-मादी ओळखण्याची सोय केलेली असते, त्यांत नरांना पिसे उशिरा येतात. उघड्या पाठीवर दुसऱ्या पक्ष्याची नखे लागून ओरखडे उठतात, आणि अख्खी कातडीसकट कोंबडी विकणाऱ्या देशात असा ओरखडा दिसला की मालाची प्रत खाली येते. आपल्याकडे निम्म्याहून जास्त वेळा गिऱ्हाईक समोर उभे राहून कातडी सोलून घेते. तंदुरीलाही कातडी लागत नाही.

तिसरे कारण मात्र पालघरलाही लागू पडते, ते म्हणजे खाद्य. बॉयलरच्या खर्चात दोन-तृतीयांश वाटा खाद्याचा असतो, आणि खाद्यातला महागडा भाग म्हणजे सोयाबीनच्या पेंडीतून येणारी प्रथिने. वाढत्या नराला जास्त प्रथिने, विशेषतः लायसिन हे अमिनो आम्ल, दिले तर तो त्याचे मांस करून दाखवतो. मादीची गरज लवकर उतरते. एकत्र कळपात खाद्य एकच असते. नरांच्या मापाने बनवले तर माद्यांच्या पोटी महाग पेंड वाया जाते, मधल्या मापाने बनवले तर नर आपल्या कुवतीपेक्षा कमी वाढतात. माद्यांना सुरुवातीच्या स्टार्टर खाद्यावरून शेवटच्या फिनिशर खाद्यावर दोन-तीन दिवस आधी आणले तरी मोठ्या कळपात पैसे वाचतात.

पण ते वाचलेले पैसे कोणाचे? पालघर, वाडा, विक्रमगडकडची बरीच शेड करार पद्धतीने चालतात. पिल्ले, खाद्य, औषधे आणि सुपरवायझर कंपनीचा. जागा, वीज, पाणी, भाताचा तूस आणि रात्रीचे जागरण शेतकऱ्याचे. बॅच उचलली की किलोमागे ठरलेला मोबदला मिळतो आणि एफसीआर, म्हणजे किती किलो खाद्यात एक किलो पक्षी झाला हा आकडा, चांगला आला तर वर थोडे बक्षीस. तमिळनाडूतल्या उडुमलपेटच्या सुगुणा कंपनीने १९९० च्या आसपास ही पद्धत रुजवली आणि पुढे ती देशभर पसरली. या व्यवहारात पिल्लांचा टेम्पो येतो तेव्हा खोक्यांत नर-मादी मिसळलेलेच असतात, आणि ते वेगळे करून मागण्याची सोय शेतकऱ्याच्या हातात नसते. त्याने ते शेडमध्ये स्वतः करतो म्हटले तर दुसऱ्या दिवशी ते करता येणार नाही. कारण पिल्लू ओळखण्याची वेळ फार लहान असते.

ती ओळख कशी होते ते सांगायला हवे, कारण या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. माणसात बाळाचे लिंग बापाकडून ठरते. पक्ष्यांत उलटे आहे. कोंबड्याकडे झेड नावाची दोन सारखी गुणसूत्रे असतात. कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. तिने अंड्यात कोणते घातले त्यावर कोंबडा की कोंबडी ते ठरते. याचाच उपयोग करून पिसांचा खेळ रचला आहे. पिसे उशिरा येण्याचा गुण झेडवर बसलेला असतो आणि तो प्रबळ असतो. लवकर पिसे येणारा बाप आणि उशिरा पिसे येणारी आई यांची जोडी लावली, की आईचा झेड फक्त मुलग्यांना मिळतो, म्हणून सगळ्या नरांना पिसे उशिरा येतात. मुलींना झेड बापाकडून मिळतो, म्हणून त्यांना पिसे लवकर येतात. जन्मल्यावर पहिल्या दिवशी पिल्लाचा पंख पंख्यासारखा उघडून पाहायचा: खालच्या रांगेतली पिसे वरच्या रांगेपेक्षा ठळकपणे लांब असली तर मादी, दोन्ही रांगा सारख्या किंवा वरचीच लांब असली तर नर. एक-दोन दिवस उलटले की हा फरक पुसट होतो. आणि आईबापांची जोडी तशी लावलेलीच नसेल तर पंख कितीही निरखला तरी काही कळत नाही. म्हणून शेतकऱ्याने इंटरनेटवरची चित्रफीत पाहून पिल्लांचे पंख उघडत बसण्याआधी, ही जात पिसांवरून ओळखता येणारी आहे का, हे हॅचरीला विचारावे.

पिसे मदतीला येत नाहीत तिथे दुसरी विद्या लागते. १९२० च्या दशकात टोकियोच्या विद्यापीठात किओशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की एका दिवसाच्या पिल्लाची विष्ठेची वाट हलकेच उलटवून पाहिली तर नरात मोहरीपेक्षाही बारीक उंचवटा दिसतो. हे पाहायला शिकणे अवघड, कारण काही माद्यांतही तसे काहीतरी असते. जपानमध्ये त्याच्या शाळा निघाल्या आणि तिथून तयार झालेले जाणकार युरोप-अमेरिकेतल्या हॅचऱ्यांत कामाला गेले. पट्टीचा माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्ले पाहतो आणि शंभरात एखाद-दुसऱ्यापलीकडे चुकत नाही. त्याआधीची हजारो वर्षे माणूस अंड्याच्या आकारावरून अंदाज बांधत होता. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले की लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते; चारशे वर्षांनी रोमच्या प्लिनीने लिहिले की गोलसर अंड्यातून मादी निघते. दोघांचेही निम्म्या वेळा बरोबर आले असणार.

हॅचरीत एवढा खटाटोप प्रामुख्याने अंड्यांच्या जातींसाठी चालतो. तिथे नर पिल्लाचा काही उपयोग नसतो. ते अंडी देत नाही आणि मांसही धरत नाही. जत्रेत आणि आठवडी बाजारात हिरवी, गुलाबी, जांभळी रंगवलेली पिल्ले दहा-वीस रुपयांना मिळतात ना, ती बहुधा हीच. मुले घरी नेतात आणि त्यातली बहुतेक आठवडाभरही जगत नाहीत. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अशी नर पिल्ले मारण्यावर बंदी घातली. तिथे आता अंड्यातच लिंग ओळखायची यंत्रे आली आहेत, नाहीतर नरांना वाढवून त्यांचे मांस चढ्या भावाने विकावे लागते. रंग फासून त्यांचे खेळणे करणे ही आपली वाट मला त्याहून वाईट वाटते, पण ते असो.

बॉयलरच्या बाबतीत नर-मादीची खरी फारकत एक पिढी आधी होते, आणि ती शेडमधल्या शेतकऱ्याला कधी दिसत नाही. आपल्याकडे वेंकटेश्वरा हॅचरीज या, डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे पुण्यातून चालणाऱ्या कंपनीने अमेरिकेतल्या कॉब कंपनीशी हातमिळवणी करून ‘व्हेनकॉब’ हे नाव गावोगाव नेले. या पक्ष्याचे आईबाप ज्या ब्रीडर फार्मवर असतात तिथे दोघांना सुमारे वीस आठवडे अगदी वेगळे वाढवतात. नंतर शंभर माद्यांत आठ-दहा नर सोडतात, पण जेवणाची पंगत तरीही वेगळीच ठेवतात. माद्यांच्या खाद्याच्या कुंडीवर जाळी असते आणि तिच्या तारांमधले अंतर साडेचार सेंटिमीटरच्या आतबाहेर ठेवलेले असते. मादीचे डोके आत जाते. नराचे डोके रुंद आणि तुरा उंच, तो अडतो. नरांची भांडी उंच टांगतात, तिथे माद्यांची चोच पोचत नाही. इतका आटापिटा एवढ्याचसाठी की ही भूक न संपणारी जात आहे. पोटभर खाऊ घातले तर नर इतका जड होईल की मादीशी जोडा लागणार नाही, आणि मादी अंडी कमी घालेल.

मग बोईसरच्या करार शेतकऱ्याने काय करावे? माझे मत असे, की पंख बघत बसण्यापेक्षा उचल नीट आखावी. पाचव्या आठवड्यात नराचा तुरा लालसर आणि पाय जाड दिसू लागतात, काट्याविना ओळख पटते. व्यापारी दोन-अडीच किलोचा माल मागतो तेव्हा पहिल्या उचलीत जाणारे बहुतेक नरच असतात. ते गेले की उरलेल्या माद्यांना जागा, भांडी आणि वारा मिळतो आणि चार-पाच दिवसांत त्या भरून निघतात. मे महिन्यात तर याला पर्याय नाही. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून, घशातला ओलावा उडवून अंग थंड करते. पालघरच्या किनाऱ्यावर हवाच ओली, त्यामुळे हा उपाय फारसा चालत नाही, आणि नाशिककडे उपयोगी पडणारे फॉगर इथे कधी कधी उलट त्रास वाढवतात. दुपारी दोन-तीनच्या उकाड्यात सर्वांत आधी पडतो तो सर्वांत जड नर. त्याला दोन दिवस आधी विकलेले बरे.

या टप्प्याटप्प्याच्या उचलीत एक मोठा धोका आहे. दर उचलीला बाहेरची गाडी, बाहेरचे क्रेट आणि बाहेरची माणसे शेडपाशी येतात, आणि मागे पक्षी शिल्लक असतात. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला. ते नंदुरबारचे नवापूर, आपल्या बोईसरजवळचे नव्हे. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये तो पालघरच्या शासकीय कुक्कुटपालन केंद्रातही सापडला आणि काही आठवडे चिकनची दुकाने बंद राहिली. म्हणून दोन उचली पुरेत. क्रेट धुतलेले आहेत का ते पाहूनच गाडी आत घ्यावी, आणि पकडणाऱ्यांना पायाला चुना लावल्याखेरीज आत सोडू नये.

जो शेतकरी करारात नाही, स्वतः पिल्ले आणून स्वतः विकतो, त्याचे गणित थोडे निराळे आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिल्हार फाटा, मनोर या बाजूला ढाब्यांची रांग आहे. तंदुरीला त्यांना सव्वा किलोच्या आसपासचा जिवंत पक्षी लागतो. त्याहून मोठा असला तर बाहेरून करपतो आणि हाडापाशी कच्चा राहतो. तेच ढाबे हंडीसाठी आणि बोनलेससाठी मोठा पक्षी घेतात. असे ठरलेले गिऱ्हाईक दोन्ही मापांसाठी असेल आणि हॅचरी पिसांवरून वेगळी केलेली पिल्ले देत असेल, तर शेडमध्ये मधोमध जाळी मारून एका बाजूला माद्या, एका बाजूला नर ठेवण्यात अर्थ आहे. माद्या चौथ्या आठवड्याच्या शेवटी तंदुरीला जातात. त्या वयात चरबी धरलेली नसते आणि मागे राहिल्याचा तोटाही नसतो. जाळी काढली की नरांना सगळी शेड मोकळी मिळते. दोन्ही मापांचे गिऱ्हाईक ठरलेले नसेल तर जाळीचा खर्च करू नये, भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच कळप बरा.

गावठी आणि सुधारित परसबागेतल्या पक्ष्यांकडे आलो की मात्र सगळे उलटते. इथे नर आणि मादी ही दोन वेगळी पिके आहेत. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत याचा दाखला मिळतो. लाभार्थ्याला एक तर एका दिवसाची १०० पिल्ले मिळतात, नर-मादी सरमिसळ. नाहीतर आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा गट मिळतो, त्यात २५ माद्या आणि ३ नर. आठ-नऊ माद्यांमागे एक नर असला की अंडी फळतात, त्यावरून हे तीन आले. म्हणजे दुसऱ्या गटात सरकारनेच नर वेगळे काढून ठेवलेत, आणि पहिल्या गटात ते काम घरच्या बाईवर सोपवले आहे.

शंभर पिल्लांतून मरतूक जाऊन, समजा, ऐंशी जगली तर त्यातले चाळीसएक नर. कळपाला चार-पाच नर पुरतात. उरलेले पस्तीस हेच खरे मांसाचे पीक. वनराजा, गिरिराज अशा जातींत सहा-आठ आठवड्यांत तुऱ्यावरून, शेपटीच्या वळणावरून आणि उभे राहण्याच्या ढंगावरून नर कळतो. तेव्हाच ते वेगळे काढावेत. इथे मात्र कोंबड्यांनी माद्यांना छळण्याची भीती खरी आहे: तीन-साडेतीन महिन्यांनंतर नर एकमेकांशी झुंजतात, तुरे फोडतात, आणि कोवळ्या तलंगांवर चढून त्यांच्या पाठीची पिसे उपटतात. एकाच खुराड्यात पस्तीस तरुण कोंबडे आणि चाळीस तलंगा ठेवल्या तर तलंगांना धड खायला मिळत नाही आणि त्या अंड्यावर उशिरा येतात. माद्यांचे खाद्यही निराळे हवे. अंड्यावर आलेल्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा किंवा चुना लागतो. वाढत्या नराला तितका चुना दिला तर मूत्रपिंडाला त्रास होतो. किनाऱ्याच्या गावांत शिंपल्यांना तोटा नाही, फक्त ते माद्यांच्याच बाजूला ठेवावेत. नर बंदिस्त ठेवून दोनदा मका, कणी, उरलेले अन्न आणि थोडे तयार खाद्य द्यायचे. माद्या दिवसभर वाडीत मोकळ्या सोडायच्या. वारली पाड्यांवर हे वेगळे सांगावे लागत नाही. देवाला द्यायचा कोंबडा तिथे लहान असल्यापासूनच ठरवून ठेवलेला असतो आणि त्याला कोणी विकायला काढत नाही.

कोंबड्यांचे पीक कधी काढायचे हे पंचांग ठरवते. या पट्ट्यात गावठी कोंबड्याला वर्षातला सर्वांत चढा भाव आषाढ अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात येतो. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि बाजार महिनाभर झोपतो. सुधारित जातीचा नर दीड-दोन किलोचा व्हायला सुमारे शंभर दिवस लागतात. २०२५ मध्ये ती अमावास्या २४ जुलैला होती, म्हणजे पिल्ले १५ एप्रिलच्या सुमारास आणायला हवी होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ती १२ ऑगस्टला येते आणि पिल्लांची तारीख ४ मेवर सरकते. मागच्या वर्षीची तारीख धरून एप्रिलच्या मध्यालाच पिल्ले आणली, तर तयार झालेले कोंबडे एकोणीस दिवस नुसते बसून खातील. एका नराचे रोजचे शंभर ग्रॅम धरले तरी पस्तीस नरांमागे सत्तर किलोच्या आसपास खाद्य होते, आणि तोवर ते एकमेकांचे तुरे फोडून घेतील ते वेगळेच. तलंगांना यातले काही लागू नाही. त्या श्रावणातही आहेत तिथेच राहतात आणि त्यांची पहिली अंडी बहुतेक गौरी-गणपतीच्या पुढेमागे सुरू होतात.